आमचे जावईबापू मंगळावर जातात

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी सबस्टेशनवर होते. ती इतकी हरखली होती की आधी मला वाटलं, लेकीचं लग्नबिग्न ठरलं की काय. पण लेक अजून दहावीत. बहीण म्हणाली, "ताई, ह्यांचं सिलेक्शन झालंय. अंतराळवीराच्या ट्रेनिंगला. परदेशात."

मी विचारलं, "कुणी केलं सिलेक्शन?"

"त्या लोकांनीच. मेल आलाय."

त्या लोकांची वेबसाइट मी घरी येऊन पाहिली. वाळवंटात चारदोन पांढरे घुमट उभे केलेले, त्यात आठवडाभर राहायचं, निळा पोशाख घालायचा, शेवटी सर्टिफिकेट. फी भरेल तो निवडला जातो. जगात खरोखरच्या अशा छावण्या आहेत. तिथं शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने बंद राहून माणसाचं मन आणि शरीर कसं वागतं याच्या नोंदी करतात. ही त्यातली नव्हती. ही सहल होती. काश्मीरला गेल्यावर भाड्याचा फिरन घालून फोटो काढतात ना, त्या जातीची.

आमच्या जावईबापूंचं जालना रोडला टाइल्सचं दुकान आहे. दुकान चांगलं चालतं, पण दुकानदार म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटतो. म्हणून दर दोनतीन वर्षांनी ते काहीतरी नवीन होतात. मध्ये ते व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास घ्यायचे. स्वतःचं व्यक्तिमत्त्व तेवढं विकसित व्हायचं राहून गेलं. मग जपानी पद्धतीच्या पाण्याचं मशीन आलं, ते आमच्या आईच्या स्वयंपाकघरात अजून धूळ खात पडलंय. आता अंतराळ. माझ्या वाट्याचं जे एकच होतं, तिथं हे पाय न पुसता शिरले.

माझं अंतराळाचं वेड जुनं आहे. पहिला भारतीय अंतराळात गेला तेव्हा मी सोयगावला प्राथमिक शाळेत होते. गुरुजींनी वर्गात रेडिओ आणला होता. मी घरी जाऊन सांगितलं, मी पण जाणार. वडील हसले नाहीत, ते म्हणाले, "आधी फळ्यावरचं दिसतंय का बघ." खरंच दिसत नव्हतं. तपासणीत जाड भिंगाचा चष्मा लागला. पुढं कळलं की तिकडं लढाऊ विमानांचे वैमानिक घेतात, आणि तेव्हा आपल्याकडं बायांना लढाऊ विमान चालवायलाच देत नव्हते. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. मी दोन दिवस रडले आणि मग इलेक्ट्रिकलला गेले. पण नाद सुटला नाही, पहिल्या पगारात दुर्बीण घेतली. कुठलं यान कुठं उतरलं, मंगळावरची गाडी आज कोणत्या दगडापाशी थांबलीय, शनीच्या कुठल्या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे, हे मला आमच्या कॉलनीतल्या घरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. मी तो पोशाख घालून कधी आरशापुढं उभी राहिले नाही. मला ते जग हवं होतं, त्या जगाचे कपडे नाही.

जावईबापू परत आले ते भर एप्रिलात. विमानतळावरून थेट क्रांती चौकात. ढोल, गुलाल, आणि फ्लेक्सवर त्यांचा फोटो: 'मराठवाड्याचा पहिला अंतराळवीर'. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात एका मंगल कार्यालयाचा मालकही. बेचाळीस अंशात तो जाड निळा झगा घालून ते उघड्या जीपमध्ये उभे. घामानं डोकं थबथबलेलं, एक हात वर. माझ्या शेजारी उभा असलेला एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला, "चंद्रावर जाऊन आले म्हणं." बायकोनं लगेच मोबाइल वर केला. कुणालाही एक साधा प्रश्न पडला नाही, की हा माणूस चंद्रावर गेला तर पेपरात का नाही आलं. लोकांना प्रश्न पडत नाहीत. ढोल वाजला की लोक जमतात, एवढंच.

संध्याकाळी आईकडं जेवण होतं. आई ऐंशीच्या पुढची. तिनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग पाटावर बसवून औक्षण केलं. आरती खाली ठेवून तिनं विचारलं, "वर लई थंडी वाजली व्हय हो?"

मला वाटलं, आता तरी ते सांगतील. ते हसले आणि म्हणाले, "थोडी थोडी, आई. पण सवय होते."

आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "लेकराचे हाल झाले," ती म्हणाली.

मी ताटं वाढायला आत गेले. त्या क्षणापर्यंत मला त्यांचं हसू येत होतं. त्यानंतर आलं नाही. चौकातल्या गर्दीला फसवणं वेगळं, ती गर्दी फसायलाच आलेली असते. पण आपल्याला ओवाळणाऱ्या म्हातारीला तोंडावर खोटं सांगायचं, तेही कशासाठी, तर थोडी आणखी माया मिळावी म्हणून! अशा माणसावर रागसुद्धा वाया जातो.

महिन्याच्या आत दुकानाच्या वरच्या मजल्यावर अकॅडमी सुरू झाली. 'अंतराळवीर घडवणारी मराठवाड्यातील एकमेव संस्था.' एकमेव होती, यात शंका नाही. पाचवी ते अकरावीची मुलं, सगळ्यांना निळे पोशाख. ते गुलमंडीवरच्या एका शिंप्यानं शिवले होते, आणि माझं प्रामाणिक मत असं, की त्या संपूर्ण संस्थेत नीट केलेलं काम तेवढं एकच होतं. बाकी एक फिरती खुर्ची होती, ऑफिसात असते तसली. मुलाला त्यात बसवायचं, दोघांनी गरगर फिरवायचं आणि ओरडायचं, "जी-फोर्स! जी-फोर्स!" मुलं ओकायची. पालक बाहेर काचेतून बघून टाळ्या वाजवायचे.

बहिणीनं गळ घातली म्हणून मी तिथं एक तास बोलायला गेले. जावईबापूंनी ओळख करून दिली, "आमच्या ताईंना पण याची आवड आहे," आणि मागं पालकांमध्ये जाऊन बसले. मी मुलांना जे खरं आहे ते सांगितलं. अंतराळात जाणारे लोक आधी कशाततरी फार चांगले असतात: वैमानिक, डॉक्टर, इंजिनिअर, समुद्रात काम करणारे शास्त्रज्ञ. हजारोंतून काहीजण निवडले जातात, निवडल्यावरही वर्षानुवर्षं वाट बघतात, आणि काहींची पाळी कधी येतच नाही. मी म्हणाले, मंगळाबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे ते एकही माणूस तिथं न जाता कळलंय. खुर्चीवर बसून, स्थिर खुर्चीवर, गणित करणाऱ्या माणसांनी ते शोधलंय. तुम्हाला त्या लोकांत यायचं असेल तर गणित, भौतिक आणि इंग्रजी पक्कं करा. झगा नंतर मिळतो.

मागून एक पालक म्हणाले, "मॅडम, मुलांसमोर निगेटिव्ह नका ना बोलू."

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आमची ही रोज मेडिटेशनमध्ये रॉकेट बघते."

जावईबापू उठून हसतहसत पुढं आले. "ताई जुन्या जमान्याच्या आहेत," ते म्हणाले, "तेव्हा स्वप्नं बघायची मुभा नव्हती." सगळे हसले. मी पर्स उचलली.

जिन्यात माझी भाची मागून आली. बापाची लेक म्हणून तिलाही झगा घालावा लागला होता, तो खांद्यावरून उतरत होता. तिनं विचारलं, "मावशी, मंगळावरच्या दगडांचा अभ्यास करणारे लोक काय शिकलेले असतात?"

"भूगर्भशास्त्र."

"ते इथं शिकता येतं?"

"येतं," मी म्हणाले. "कुणी जात नाही, पण येतं." ती मान हलवून वर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मंगळ मोहीम निघाली. मंगळ दौलताबादला होता, किल्ल्याच्या अलीकडं, कुणातरी मित्राच्या सीताफळाच्या बागेशेजारच्या पडीक रानात. मंडपवाल्याकडून पांढऱ्या ताडपत्रीचा घुमट करून घेतला होता. सातवी-आठवीची मुलं, बारावीत गेलेली माझी भाची 'उपकमांडर' म्हणून, आणि कमांडर स्वतः. आठवडाभर आतच राहायचं, बाहेर जायचं तर पोशाख आणि हेल्मेट घालून. मुलांचे मोबाइल एका पेटीत कुलपात, का तर मंगळावरून फोन लागत नाही. रोज संध्याकाळी कमांडरच्या मोबाइलवरून मात्र रील पडायची. मंगळावरून रील पडत होती, ते कुणाला खटकलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी भर दुपारी बहिणीचा फोन आला. "ताई, तू पडेगावला आहेस ना ड्युटीवर? जवळ आहेस तू. जरा जाऊन ये. मंडपवाल्याच्या माणसाच्या फोनवरून पोरीनं मला फोन केला. कुणीतरी आजारी आहे. ह्यांचा फोन लागत नाय."

मी गाडी काढली. पोचले तर त्या घुमटावर सावली धरेल असं एकही झाड नव्हतं. आत मोठाले कूलर लावलेले, पण बंद. शेतीच्या लाइनीला त्या आठवड्यात दुपारची वीज नव्हती, रात्रीची पाळी होती. वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेलं असतं, कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. ज्याला मंगळावर माणसं न्यायची होती त्यानं आपण ज्या रानात तंबू ठोकतोय तिथं लाइट कधी असते एवढंही विचारलं नव्हतं.

भाचीनं ताडपत्रीची एक बाजू कापून उघडी केली होती. झगे काढायला लावून सगळ्या मुलांना तिनं त्या उघड्या बाजूला बसवलं होतं, डोक्यावर ओले रुमाल. सातवीतली एक मुलगी आडवी पडली होती, ओठ पांढरे. सकाळपासून ती ओकत होती. भाची तिच्या तोंडात चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घालत होती. माझ्याकडं बघून ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "मावशी, हिला दवाखान्यात न्यावं लागेल."

"तुझे पप्पा कुठंयत?"

"नमुने गोळा करायला गेलेत. सकाळी."

मंडपवाल्याचा माणूस बाहेर सावलीला टेम्पोखाली बसला होता. तो म्हणाला, "नमुना कायका मॅडम. साब उधर ढाबे पे बैठे. पेपरवाले आयेले."

मुलीला मागच्या सीटवर झोपवलं, भाचीला तिच्यापाशी बसवलं, आणि उरलेल्या मुलांना त्या माणसाच्या हवाली करून सांगितलं, यांना समोरच्या शेतकऱ्याच्या पडवीत नेऊन बसवा. धाबा वाटेतच होता. जावईबापू पंख्याखाली बसले होते. त्या धाब्याला जनरेटर होता. निळा झगा कमरेपर्यंत उतरवून बाह्यांची गाठ मारलेली, पुढ्यात मटण, भाकरी, फोडलेला कांदा. समोर दोन तरुण, एकाच्या हातात माइक. ते सांगत होते, "मंगळावरची माती आणि आपल्या मराठवाड्याची माती, यांचं एक नातं आहे."

मी म्हणाले, "पाहुणे, उठा. पोरगी बेशुद्ध पडायच्या बेतात आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माइककडं, आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, हळू बोला ना. मुलाखत चालूय."

मी आयुष्यात बऱ्याच खालच्या दर्जाची माणसं पाहिली आहेत. वीज कंपनीत नोकरी केल्यावर पाहावीच लागतात. आकडा टाकून वरून दमदाटी करणारा माणूससुद्धा, घरात पोर आजारी आहे म्हटलं तर हातातला घास खाली ठेवतो. यांनी ठेवला नाही. तो मोठा घास होता, तो त्यांनी चावून गिळला आणि मग विचारलं, "कोणती पोरगी?"

मी गाडीकडं वळले. मुलीला शहरालगतच्या लष्करी छावणी भागातल्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळपर्यंत मुलगी उठून बसली आणि पेप्सीकोला मागायला लागली. तोवर भाचीनं माझ्या मोबाइलवरून एकेका पालकाला फोन लावून सांगितलं की मोहीम संपली, पोरांना घेऊन जा. नंबर तिला पाठ नव्हते. बापाला फोन करून तिनं पेटीची किल्ली मागितली नाही. आईकडून मंडपवाल्याच्या माणसाचा नंबर घेऊन त्याला पेटीचं कुलूपच फोडायला लावलं, आणि मुलांकडून आपापल्या मोबाइलमधले नंबर वाचून घेतले.

मला वाटलं, आता तरी पालक जागे होतील. काय सांगू! एकानंही भांडण काढलं नाही. एका स्थानिक वृत्तवाहिनीवर बातमी आली की मंगळासारख्या खडतर हवामानात मराठवाड्यातल्या मुलांनी तग धरला. दोन आठवड्यांनी एका सभागृहात सत्कार ठेवला. ज्या मुलीला सलाइन लागलं होतं तिच्याच वडिलांनी जावईबापूंच्या गळ्यात हार घातला. हार घालून ते माइकवर म्हणाले, "माझ्या मुलीनं जे सोसलं त्याचा मला अभिमान आहे." त्या मुलीची आई पदर तोंडाला लावून बसली होती. तिला अभिमान वाटत होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. मला त्या सभागृहातल्या सगळ्यांचीच इतकी किळस आली, की नुसत्या जावईबापूंवर चिडणं अन्यायाचं वाटायला लागलं. ते एकटे काय करू शकले असते? त्यांना इतक्या माणसांनी मिळून अंतराळवीर केलं होतं.

मग उपकमांडरला बोलायला बोलावलं. भाची साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, "आम्ही मंगळावर नव्हतो. दौलताबादला होतो. तिथं लाइट नव्हती आणि पप्पा जेवायला गेले होते."

मग कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, पोरगी विनोदी आहे. जावईबापूही हसले. ते सगळ्यात जास्त वेळ हसले. भाची तशीच उभी राहिली, मग खाली उतरून माझ्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बहीण माझ्याकडं आली. चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली. "तू शिकवलंस तिला हे. चारचौघांत बापाची लाज काढायला."

"मी काही शिकवलं नाही."

"तुला सहन होत नाय, ताई. तू आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून बसलीस आणि नाव ह्यांचं झालं. हेवा वाटतो तुला."

हेवा असता तर मी कबूल केला असता, खरंच. ज्या बाईनं अंतराळ स्थानकाबाहेर तरंगत त्याची दुरुस्ती केली तिचा मला हेवा वाटतो. आपला माणूस नुकताच स्थानकावर राहून आला, त्याच्या खिडकीचा मला इतका हेवा वाटतो की मी ते चित्रण दोनदा बघू शकले नाही. पण गुलमंडीवर शिवलेल्या झग्याचा हेवा? मी बहिणीला म्हणाले, "हेवा वाटायला समोर काहीतरी असावं लागतं."

ती चहा न घेता गेली. पावसाळाभर आमचं बोलणं बंद होतं.

बारावीचं वर्ष संपलं तेव्हा त्यांच्या घरात खरं भांडण झालं. जावईबापूंनी पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात एअरोस्पेसची सीट बघून ठेवली होती. भाची म्हणाली, मला इथंच बीएस्सी करायचंय, भूगर्भशास्त्रात. ते ओरडले, "दगड फोडणार व्हय? अंतराळवीराची पोरगी दगड फोडणार?"

हे मला बहिणीनंच नंतर सांगितलं. भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता. भांडणाच्या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी तिनं पोरं सांभाळली. तुम्ही नाय." एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती त्यांच्यापुढं असं कधी बोलली नव्हती. जावईबापू चप्पल घालून दुकानात गेले, आणि कॉलेजचा विषय पुन्हा निघाला नाही.

बहिणीनं सत्काराचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही, मीही काढला नाही. आम्ही भाजीचे भाव, आईची औषधं यांवर बोलतो. अकॅडमी आपोआप बंद पडली. मुलं कमी झाली म्हणे, आता पालकांचा ओढा रोबोटिक्सकडं आहे. जावईबापू सध्या ड्रोन उडवायला शिकवतात. त्यांचा स्वतःचा ड्रोन एका लग्नात हळदीच्या मांडवावर पडला, पण त्यातून त्यांना काही अद्दल घडली असं मला दिसत नाही. रस्त्यात भेटले की "काय ताई, ग्रह-तारे काय म्हणतात?" असं विचारतात. मी "बरे आहेत" म्हणते आणि पुढं जाते. याहून जास्त शब्द त्यांच्यावर खर्च करावेत असं मला वाटत नाही.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात त्यांची सहल लोणारला गेली होती. तिथं उल्का आदळून पडलेलं विवर आहे, आणि ते आपल्या काळ्या पाषाणात असल्यामुळं चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक लांबून बघायला येतात. दुपारी तिनं विवराच्या काठावरून फोन केला. मागं वारा आणि सरांचा ओरडा ऐकू येत होता. "मावशी, एक दगड सापडलाय, वितळून परत गोठलाय असं वाटतंय, पण आत काहीतरी पांढरं आहे. सर म्हणतायत, तुम्हीच सांगा काय ते. तुला काय वाटतं?"

लोणारबद्दल मी सगळं वाचलेलं होतं, तरी तो दगड नक्की कसला ते मला माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मी बघते," आणि फोन ठेवला.